लाल फडक्यातला जहागीरदार

आमच्या लातूरच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर सिस्टर राहायच्या. मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेल्या, ठेंगण्या, गोल चष्म्याच्या, दर रविवारी पांढरीशुभ्र साडी नेसून चर्चला जाणाऱ्या. गेल्या उन्हाळ्यात त्या लेकीकडे नांदेडला कायमच्या राहायला गेल्या आणि जाताना पुस्तकांच्या दोन पिशव्या माझ्या दारात ठेवून गेल्या. एकीत सगळी ख्रिस्ती पुस्तकं होती. दुसरीत नुसत्या ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या, परदेशातल्या उमरावांच्या, मराठीत आणलेल्या, पानांच्या कडा पिवळ्या पडलेल्या. मी एकदा इकडे, एकदा तिकडे बघायला लागले, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "ही पिशवी आत्म्यासाठी. आणि ड्युटीवर दिवसभर उभं राहून पाय दुखायचे ना, ही त्यासाठी."

माझे पायही दुखतात. माझी सकाळची शाळा असते, सहावीचे बासष्ट जीव सांभाळून मी एक वाजता घरी येते. जेवणं, भांडी, आवराआवर झाली की तीन वाजतात. नवरा चाकूरला अपडाऊन करतो, तो यायला सहा. म्हणजे तीन ते चार हा तास माझा असायला काहीच हरकत नव्हती, पण लग्नाला बावीस वर्षं झाली तरी तो कधी माझा झाला नाही. मी पुस्तक हातात घेतलं की घराला माझी आठवण येते. कुणाला चहा पाहिजे असतो, कुणाचं बटण तुटतं, कुणी शेजारीण इडलीचं भांडं मागायला येते. झोपलेल्या बाईला कुणी उठवत नाही, वाचणाऱ्या बाईला मात्र सगळेच उठवतात. ती रिकामी बसलीय असंच सगळ्यांना वाटतं. मला याचा किती राग येतो ते मी सांगत बसत नाही, नाहीतर इथेच तास संपेल.

तर मी आधी आत्म्याची पिशवी उघडली.

पहिलं पुस्तक एका माणसाची साक्ष होतं. ख्रिस्ती पुस्तकांत आपल्या आयुष्यात देव कसा आला ते सांगण्याला साक्ष म्हणतात, हा शब्दच मला फार आवडला. हा माणूस दारू प्यायचा, बायकोला मारायचा, मग त्याच्यावर कृपा झाली. दारूला ऐंशी पानं, कृपेला चाळीस आणि बायकोला दोन ओळी. मी इतकी चिडले की पेन्सिल घेऊन समासात "हिचं काय?" असं लिहिलं. पान उलटलं तर तिथे सिस्टरच्या निळ्या शाईत आधीच लिहिलेलं होतं, "बायको कुठे गेली?" मी एकटीच मोठ्यांदा हसले. दुसरं पुस्तक कुष्ठरोग्यांच्या सेवेत जन्म घालवलेल्या एका बाईचं होतं, ते वाचून मी रडले आणि दोन दिवस वर्गात कुणावर ओरडले नाही. मुलांना वाटलं मॅडमला बरं नाही.

तिसरं होतं जाडजूड, काळ्या कव्हरचं, सोनेरी कडांचं, लाल रेशमी फितीचं. मननाचं पुस्तक. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक पान, शेवटी दोन ओळींची प्रार्थना. एका रविवारी दुपारी ते घेऊन मी खाली सतरंजीवर बसले आणि त्याच वेळी सासूबाई आल्या.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. देवणीकडच्या खेड्यातल्या, पंचाहत्तरीच्या, शेत बटईनं देऊन दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे राहायला आलेल्या. त्यांना वाचता येत नाही, पण पुस्तकाचा दर्जा त्या लांबून ओळखतात. सोनेरी कडा आणि रेशमी फीत बघून त्या दारातच थबकल्या.

"काय वाचायलीस?"

"देवाचं हाय, आत्याबाई. सिस्टरच्या देवाचं."

हे शंभर टक्के खरं होतं, हे मी इथे नोंदवून ठेवते.

"देवाचं हाय अन् सतरंजीवर ठेवलीस? उठ आधी."

अर्ध्या तासात पाट आला, देव्हाऱ्यातलं जादा लाल फडकं आलं, उदबत्ती आली. पुस्तक फडक्यात बांधलं गेलं. उद्या सोमवारपासून रोज तीनला बसायचं, सात दिवसांचं पारायण, मधे उठायचं नाही, मधे बोलायचं नाही, आणि घरात सात दिवस कांदा-लसूण बंद. देव कुणाचाही असो, पारायणाचे नियम तेच, असं त्यांचं म्हणणं. आणि सोमवारी तीन वाजता काय झालं? शेजारीण बेल वाजवून आली तर आत्याबाई दारातूनच म्हणाल्या, "सून पोथीला बसलीय. चारला या." शेजारीण चक्क गेली. मी पाटावर बसल्या बसल्या हवेत तरंगायची तेवढी राहिले होते.

आता माझा हावरटपणा. मननाचं पुस्तक रोज एक पान वाचायचं असतं. मी सोमवारी एका बैठकीत जूनपर्यंत गेले आणि मंगळवारी नाताळ उरकून एकतीस डिसेंबरला पोचले. सिस्टरना फोन करून सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बाई, एवढी कृपा एकदम घेतली तर पचायची नाही." पण पुस्तक संपलं होतं आणि पारायणाचे पाच दिवस शिल्लक होते. पोथी संपली असं सांगितलं असतं तर माझा तासही संपला असता. म्हणून बुधवारी मी दुसऱ्या पिशवीत हात घातला.

त्या कादंबरीच्या कव्हरवर एक घोडा होता, सदऱ्याची बटणं लावायला विसरलेला एक माणूस होता आणि खांद्यावरून झगा घसरत चाललेली एक मुलगी होती. मी ती लाल फडक्यात बांधली आणि पाटावर ठेवली. आत्याबाईंनी उदबत्ती ओवाळली. मी नजर खाली घातली.

काय सांगू त्या पुस्तकाबद्दल. तो उमराव होता, पण उमराव माझ्या जिभेवर बसेना म्हणून मी पहिल्या पानापासूनच त्याला जहागीरदार करून टाकलं. आमच्याकडे निजामाच्या काळातल्या जहागीरदारांच्या गोष्टी घरोघरी असतात, त्यामुळे तो मला लगेच ओळखीचा वाटायला लागला. तो तिरसट, श्रीमंत आणि मनातून दुःखी. ती पाद्र्याची मुलगी, गरीब आणि फटकळ. अकराव्या पानावर त्यांचं भांडण, साठाव्या पानावर पावसात घोडा घसरतो आणि त्याचा हात तिच्या हाताला लागतो. नुसता हात लागायला तीन पानं. मी ती तीन पानं दोनदा वाचली. पदर तोंडात कोंबून हसले, पायाची बोटं आवळली, एकदा तर पाटावरून खाली आले. जहागीरदार तिला म्हणतो की तुमच्यासारखी उद्धट बाई मी पाहिली नाही, आणि ती म्हणते, तुम्ही आरसा बघत असाल ना रोज? मी सहावीच्या वर्गात दुसऱ्या दिवशी हे वाक्य वापरलं. चाललं नाही, पण मला बरं वाटलं.

नवऱ्याला मात्र माझ्या जहागीरदारापायी बिनलसणाचं वरण खावं लागत होतं. तो गरीब बिचारा मुकाट्याने जेवायचा आणि "वाचन नीट चाललंय ना?" असं विचारायचा. मी "हो, चांगलं चाललंय" म्हणायचे आणि मला ठसका लागायचा.

शनिवारी आत्याबाईंनी जाहीर केलं की रविवारी समाप्ती. पुरणपोळी होईल, बिल्डिंगमधल्या चार बायका येतील आणि शेवटचा अध्याय मी मोठ्यानं वाचायचा. मी म्हटलं ठीक आहे. रविवारी सकाळी गुपचूप फडक्यात मननाचं पुस्तक परत बांधायचं, एकतीस डिसेंबरचं पान वाचायचं, विषय संपला. एवढं ठरवून मी निवांत झोपले. आणि सकाळी अंघोळ करून बाहेर येते तर आत्याबाई माझ्या आधीच उठलेल्या. चौरंग मांडलेला, त्यावर लाल गाठोडं, गाठोड्याला हळदकुंकू, झेंडूचा हार, पुढं नारळ. आत जहागीरदार.

"आत्याबाई, जरा फडकं बदलते. मळलंय."

"पूजा झाली आता. पूजेचं हलवत न्हाईत. हात लावू नको तीन वाजंस्तोवर."

या घरात पूजा झालेली वस्तू हलवण्यापेक्षा भिंत हलवणं सोपं आहे. मी स्वयंपाकघरात जाऊन पुरण वाटत बसले. हसू येत होतं, पण खरं कळलं तर आजवर लावलेल्या उदबत्त्यांसकट माझा तास गेला, आणि पुन्हा कुणी तो देणार नव्हतं.

दोन वाजता बेल वाजली आणि दारात सिस्टर. नांदेडहून एसटीनं आलेल्या, पांढरीशुभ्र साडी, हातात तिसरी पिशवी.

"तुमच्या सासूबाईंनी फोन केला होता," त्या म्हणाल्या. "म्हणाल्या, तुमच्या देवाची पोथी हाय, तुमच्याबिगर समाप्ती कशी करायची?"

मी त्यांना पाणी दिलं. पण आत्याबाई शेजारीच बसलेल्या, त्यामुळे फडक्यात काय आहे ते सांगायला संधीच मिळाली नाही. बायका आल्या, सतरंजीवर बसल्या, डोक्यावर पदर घेतले. मी गाठोडं सोडलं, कव्हर फडक्याच्या आतच ठेवून पुस्तक उघडलं आणि शेवटचा अध्याय सुरू केला. पहिल्या दोन वाक्यांतच सिस्टरचा चष्मा नाकावरून घसरला. त्यांनी ओळखलं होतं. ते पुस्तक त्यांनी किती वेळा वाचलं असेल देव जाणे.

अध्यायात पाद्री होता, चर्च होतं, घंटा होती, त्यामुळे बायकांना कसली शंका आली नाही. जहागीरदार भर पावसात चर्चच्या दाराशी उभा राहतो. त्याचा गर्व गळालेला असतो. बायकांनी हात जोडले. पुढे पुस्तकात तो तिला जवळ ओढतो आणि मग सव्वा पान जे काही होतं ते मी तुम्हालाही सांगणार नाही. माझे कान तापले. मी ते सगळं गाळून वाचलं, "आणि तो तिच्या पायाशी बसला आणि त्याने तिची माफी मागितली."

समोरची शेजारीण हळूच म्हणाली, "पुरुषानं माफी मागितली? लई मोठा देव हाय."

सिस्टरनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बायकांना वाटलं भक्तीनं भरून आलं. एकीने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, तेव्हा तर त्यांना श्वासच घेता येईना. मी कसंबसं लग्नापर्यंत पोचले आणि पुस्तक मिटलं.

आता आरती. पण कुठली? आत्याबाई सिस्टरकडे वळल्या. "तुमचं काय असंल ते तुमी म्हना."

सिस्टर उठल्या. डोळे पुसले, चष्मा नीट केला, आणि त्यांचा चेहरा एकदम दवाखान्यातल्यासारखा शांत झाला. त्यांनी डोळे मिटले. "हे प्रभू, या घरातल्या बाईला रोज दुपारी एक तास विसावा दे. आणि तो कुणी मोडू नये अशी बुद्धी सगळ्यांना दे. आमेन."

"आमेन," बायका म्हणाल्या. आत्याबाईंचा आवाज सगळ्यात मोठा होता. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, म्हणून मी नारळ फोडायला बाहेर गेले.

बायका जेवून गेल्या, सिस्टरना मी पाचच्या एसटीत बसवून आले. घरी आले तर आत्याबाई ओट्याशी उभ्या राहून पुरणाचं पातेलं खरवडत होत्या. माझ्याच्याने राहवेना. त्यांनी हार घातलेलं ते गाठोडं माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

"आत्याबाई, ती पोथी नव्हती. म्हणजे पहिले दोन दिवस होती. मग—"

"मला वाचता येत न्हाई. ऐकू येतं," त्या पातेल्यातच बघत म्हणाल्या. "पोथी वाचून कुणी असं खुदूखुदू हसतं का? बुधवारपासून हसायलीस."

"मग मला उठवलं का न्हाई?"

त्यांनी पातेलं खाली ठेवलं. "बावीस वर्षं झाली तुला या घरात येऊन. तुला येवढं हसताना मी आधी कधी ऐकलं न्हाई. मग कशाला उठवू?"

मी पातेलं उचलून घासायला घेतलं. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि नेहमीच्या आवाजात पुढचं सांगितलं. "उद्या दुसरी काढ. मोठ्यानं वाचू नको, तुझं तू वाच. संध्याकाळी भाजी निवडताना मला सांग काय झालं ते. पण फडक्यात बांधूनच बस, म्हंजे कुणी उठवत न्हाई."

"आणि नियम?"

"या पोथीला लसूण चालतो," आत्याबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तीनला मी आले तेव्हा पाट मांडलेला होता, वर लाल फडकं होतं. मी सिस्टरच्या तिसऱ्या पिशवीतली नवी कादंबरी घेऊन बसले. पाचव्या पानावर बेल वाजली. आत्याबाई दारातच लसूण सोलत बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली आणि सांगितलं, "सून पोथीला बसलीय. चारला या."