साडभाऊंना पसंत पडलेली रॅक

मालाच्या सुखदुःखाचा आमच्या साडभाऊंइतका विचार करणारा माणूस साऱ्या भंडारा जिल्ह्यात दुसरा नसेल. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. शहापूरला हायवेला लागून त्यांचं गोदाम होतं. आसपासच्या विणकरांकडून हातमागाच्या सतरंज्या घ्यायच्या आणि नागपूर-रायपूरच्या दुकानदारांना पाठवायच्या, हा त्यांच्या वडिलांपासूनचा धंदा. सतरंज्यांच्या लांबलचक वळकट्या गोदामात जमिनीवर फळ्या टाकून एकीवर एक रचलेल्या असत. तळातली एक हवी असली की वरचा सगळा डोंगर उतरवावा लागे. म्हणून साडभाऊंनी एकदा ठरवलं, की गोदामाला रॅक बसवायची. आणि तिथून पुढे त्यांच्या आयुष्याला दुसरा विषयच उरला नाही.

कुठेही गेले तरी त्यांची नजर आधी तिथे काय कशावर ठेवलंय याकडे जायची. आमच्याकडे जेवायला आले की हात धुवायच्या आधी स्वयंपाकघरात शिरत. "सुमन, रोज लागते ते कमरेएवढ्या उंचीवर, जड ते खाली, हलकं ते वर," असं माझ्या बायकोला सांगत त्यांनी एकदा पानं वाढेपर्यंत सगळे डबे हलवले. मिठाची बरणी आम्हाला मग कितीतरी दिवस सापडत नव्हती. माझी पुस्तकं त्यांनी उचलून थेट माळ्यावर टाकली. "हा माल हलतच नाही जी," म्हणाले. भाचीसाठी तुमसरला स्थळ पाहायला गेलो, तेव्हा तर कहरच केला. मुलाच्या घरचा तांदळाचा व्यापार. आम्ही पोहे खात मुलाच्या शिक्षणाची चौकशी करतोय, तोवर साडभाऊ गायब. अर्ध्या तासाने मागच्या गोदामातून कोंडा झटकत आले आणि भरल्या बैठकीत म्हणाले, "पोरगा चांगला असन जी, पन रॅक चुकीची हाय. एकाच तोंडानं माल आत जाते अन् त्याच तोंडानं बाहेर येते. मंग आधीचा तांदूळ मांगंच राहून राहिला ना! आधी आला तो आधी निघाले पाह्यजे." मुलाच्या वडिलांनी हातातली बशी खाली ठेवली. मुलगा मात्र मोठ्याने हसला, म्हणून ते लग्न झालं.

स्वतःच्या गोदामासाठी मात्र त्यांना एकही रॅक पसंत पडेना. विक्रेते येत, चकचकीत चित्रं दाखवत. "मजबूत हाय," साडभाऊ म्हणत, "पन माही सतरंजी हिच्यावर झोपन कशी?" दोन आडव्या दांड्यांची रॅक घ्यावी तर वळकटी मधेच खचणार, कप्प्यांची घ्यावी तर उभे खांब आडवे येणार आणि लांब माल आत शिरणारच नाही. फक्त मागे खांब, त्यांतून नुसते लोखंडी हात पुढे आलेले, समोरून सगळं मोकळं, अशी रॅक हवी इथवर ते आले. मग त्या दोन हातांत अंतर किती हवं हा प्रश्न निघाला. घरातल्या खुर्च्या मांडून, त्यावर वळकटी ठेवून ते तासन्‌तास बघत बसत. सुमनची ताई वैतागायची. "अजी, आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखे काय बसले?"

"थांब वो. कंबर कुठं वाकते ते पाहून राहिलो."

त्यांच्याकडे येणारा सगळ्यात देखणा माल मोहाडीकडच्या एका म्हाताऱ्या विणकराचा. त्यांना सगळे काकाजी म्हणत. दर खेपेला माल उतरवताना ते विचारत, "झाली का जी रॅक?" आणि साडभाऊ सांगत, "होऊन राहिली." एका वर्षी फळ्यांखालून वाळवी चढली आणि तळातला सगळा थर खाऊन गेली. तो थर नेमका काकाजींच्या हातचा होता. पैसे त्यांना केव्हाच मिळाले होते, तरी ते आले, भुगा झालेल्या काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "जमिनीवर ठेवल्यावर ते खाईनच जी." त्यानंतर त्यांचं येणं कमी होत गेलं. साडभाऊ त्या दिवशी जेवले नाहीत. ताई म्हणाली, "आतातरी कोनतीबी घ्या, पन माल उचला." पण झालं उलटंच. आता चूक नको म्हणून ते आणखी चिकित्सा करू लागले.

शेवटी भंडाऱ्याच्या एका लोहाराकडून त्यांनी स्वतःच्या मापाने रॅक करून घेतली. खरं सांगतो, तशी रॅक मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. पूजेच्या दिवशी मी तळातली वळकटी ओढली. ती अलगद बाहेर आली आणि वरची एकही हलली नाही. साडभाऊंचे डोळे भरून आले. काकाजींना त्यांनी मुद्दाम गाडी पाठवून आणलं होतं. काकाजींनी रॅकच्या प्रत्येक हातावरून हात फिरवला, पेढा घेतला आणि म्हणाले, "झकास झाली. उशीर केला भाऊ तुमी. मी माग काढून टाकला."

बाकीचे मागही एकेक करत थांबले. होता तो माल विकला गेला आणि रॅकचे हात रिकामे होत गेले. यंत्रावरच्या चादरी प्लास्टिकच्या पाकिटांतून आल्या, त्या दोन हातांमधून सटकून खाली पडत. अखेर गोदाम एका खताच्या व्यापाऱ्याला भाड्याने दिलं. त्याला पोत्यांच्या थप्प्या लावायच्या होत्या, मध्ये रॅक नको होती.

ती कापायची होती त्या दिवशी मी मुद्दाम शहापूरला गेलो. साडभाऊ गोदामात नव्हते. संध्याकाळी घरी आले, तेव्हा कळलं की दिवसभर ते काकाजींकडे बसले होते.

"काय म्हणाले काकाजी?" मी विचारलं.

"मी त्यायले पुसलं," साडभाऊ म्हणाले, "रॅक आधीच झाली असती, तं तुमी माग ठेवला असता का?"

"मग?"

साडभाऊंनी पायातल्या वहाणा काढून दाराशी सरळ लावून ठेवल्या.

"म्हने, चहा घ्या भाऊ, थंडा होऊन राहिला."