आमच्याच टीव्हीवर ती जाहिरात

मी मुळातच संशयी माणूस. भाजीवाल्याचा काटा दोनदा बघतो, कुलूप लावून पुन्हा ओढून बघतो. केबल काढून इंटरनेटवरचा टीव्ही घ्यायलाही जालन्यातल्या आमच्या गल्लीत मी अगदी शेवटी-शेवटी तयार झालो. आता केबलवाल्याकडे दोनच घरं उरलीत.

आठवडाभर बरं चाललं. मग मॅचमध्ये एका दवाखान्याची जाहिरात यायला लागली. बायकांनी छातीतल्या गाठीकडे दुर्लक्ष करू नये, आजच तपासून घ्या. ओव्हर संपली की तीच. बायको उठून आत गेली आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी शेजाऱ्यांकडे जाऊन बसलो. तीच मॅच, तसाच टीव्ही, पण त्यांच्याकडे ट्रॅक्टरची जाहिरात. दवाखान्याची एकदाही नाही.

ऑफिसात जाहिरातींचं काम बघणारा एक सहकारी आहे. त्याला गाठलं. तो म्हणाला, "मोंढ्यात धान्याच्या ढिगावर बोली लागती ना, तशी आता एकेका घराच्या टीव्हीवर लागती. पापणी लवायच्या आत सौदा होतो. तुमच्या टीव्हीला जे इंटरनेटचं खातं जोडलंय, त्याच्यावरून कोन्हीतरी असलं काही शोधलं असंल, उगाच दवाखाना तुमच्यावर खर्चा करणार न्हाई."

म्हणजे घरातलंच कोणीतरी. संध्याकाळी बायकोला सहकाऱ्याचं म्हणणं सांगितलं आणि सरळ विचारलं, "काय लपवून राह्यली तू?"

ती भडकली. "मीच तुम्हाला विचारणार होते. कोणासाठी शोधून राह्यले हे?"

दोन दिवस आम्ही एकमेकांवर नजर ठेवून होतो. मी तिच्या पर्समध्ये दवाखान्याची चिठ्ठी शोधली, हे लिहायला लाज वाटते. तिनेही माझे खिसे तपासले असणार.

तिसऱ्या दिवशी तिने माझा फोन घेतला आणि त्या खात्यावरून काय काय शोधलंय त्याची यादी उघडली. एक वाक्य पुन्हा पुन्हा आलं होतं: "काखेपाशी गाठ आली, दुखत न्हाई, कशाची असती?" ते कोणी टाइप केलेलं नव्हतं, फोनला बोलून विचारलेलं होतं. वाचताच मी आईची बोली ओळखली. माझा जुना फोन मी घनसावंगीला आईला दिला होता. तिला नव्या खात्याची कटकट नको म्हणून त्यात माझंच खातं राहू दिलं होतं, आणि टीव्हीवरही तेच.

बायकोने ऑफिसात रजा कळवली. सकाळीच आम्ही गाडी काढली.

आई अंगणात गहू निवडत होती. गाठीचं विचारलं तशी ती दचकली आणि शेजारच्या घराकडे बघायला लागली. "कोन्ही सांगितलं तुला? म्या तर कोन्हालाच सांगितलं न्हाई."

मी टीव्हीचं सांगितलं. तिचा बिलकुल विश्वास बसला नाही.

"फोनला विचारलंस, आई. मला का नाही विचारलं?"

तिने सूप बाजूला ठेवलं. "तुला दोनदा केल्ता फोन. तू म्हन्ला, मीटिंगमधी हाये, मंग करतो." मग माझीच समजूत काढावी तशी म्हणाली, "त्याला कवाबी विचारा, ते जल्दी बोलतं."