धावा नको, पळा लिहा

गरिबांच्या नावानं होणाऱ्या मॅरेथॉनविरुद्ध मी एक पत्रक लिहिलं होतं. ‘घाम तुमचा, फोटो तुमचा, उपकार मात्र आमच्यावर!’ असं त्याचं शीर्षक होतं आणि ते मला अजूनही आवडतं. पत्रक वाटून महिना झाला नाही तोच मी छातीवर नंबर लावून त्याच मॅरेथॉनमध्ये उभी होते. संघटनेत राहायचं तर असलं बरंच काही गिळावं लागतं.

पुण्याजवळच्या मांजरी गावात ऊस मोडून एका सॉफ्टवेअर कंपनीची काचेची इमारत उठत होती. तिथल्या बांधकाम मजुरांच्या लेकरांसाठी आमची संघटना पत्र्याच्या शेडमध्ये पाळणाघर चालवायची. सांभाळायला गावातल्याच एक मावशी होत्या. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा, की मावशी पोरांना ओल्या गोणपाटावर निजवायच्या. म्हणून आम्ही कंपनीकडे पक्की खोली मागितली. तिथल्या समाजकार्य विभागातल्या बाई भलत्याच गोड होत्या.

“नक्की देऊ! फक्त थ्रू मॅरेथॉन. तुमची दहा जणांची टीम उतरवा. एकवीस किलोमीटर, तीन तासांत. दहाही जण पोचले की खोली तुमची.”

“आणि नऊच पोचले तर?”

“असं निगेटिव्ह नाही बोलायचं!”

आमच्याकडे धडधाकट माणसं नऊच होती. दहावी मी. आई म्हणाली, “कोपऱ्यावरून दूध आणायचं तर तुझे पाय दुखतात, आणि गरिबांसाठी एकवीस किलोमीटर?”

पोस्टरचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. संघटनेतले सगळ्यात ज्येष्ठ, निवृत्त प्राध्यापक, त्यांना आम्ही सर म्हणायचो, त्यांनी मजकूर करून ठेवला होता: ‘लेकरांसाठी धावा’.

“सर, धावा काय? धावा देवाचा करतात. आपण देव मानत नाही.”

“मग काय लिहायचं म्हणता?”

“पळा. माणसं पळतात. लोकांची भाषा लिहा.”

“पळा म्हटलं की जरा वेगळी छटा येते हो.”

“छटा पेठेत येते, सर. मांजरीत नाही.”

सरांनी कागद माझ्याकडे सरकवला. मी जिंकले. वर लाल, ठळक अक्षरांत ‘पळा!’ खाली ‘लेकरांसाठी पळा!’ त्याखाली ‘रविवार, सकाळी सहा वाजता’ आणि तळाला कंपनीचं चिन्ह. ज्यांच्याविषयी लिहायचं, त्यांच्या दारात कागद आधी लागला पाहिजे, हा आमचा नियम. शनिवारी संध्याकाळी मजुरांच्या वस्तीत जाऊन मी स्वतः खळ लावून दहा-बारा पोस्टरं चिकटवली. पहाटे उठायचं होतं, म्हणून कोणाशी काही न बोलता घरी आले.

रविवारी पहिले पाच किलोमीटर रागाच्या भरात निघून गेले. आजूबाजूला नव्याकोऱ्या बुटांची सगळी जत्रा. एक जण गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र घालून पळत होता. काढलं तर आपण कोण हे विसरेल, अशी भीती असावी. मंडईपाशी भाजीची पिशवी घेतलेले एक गृहस्थ रस्ता ओलांडायला ताटकळत उभे होते. मला बघून म्हणाले, “अहो, कोण लागलंय मागे?”

“गरिबी!” मी ओरडले.

“मग गाठेल ती तुम्हाला.”

स्वारगेटला पोचले तेव्हा पोटऱ्या दगड झाल्या होत्या, पण मी वेळेत होते. स्टँडच्या फाटकाशी बोचकी, घमेली, स्टोव्ह असा ढीग दिसला. ढिगावर दोन लेकरं बसली होती. आमच्या पाळणाघरातली जुळी! शेजारी त्यांची आई, आणि मागे निम्मी वस्ती.

“ताई!” मला पळताना बघून ती ओरडली. “तुमाला बी हाकललं व्हय?”

मी थांबले. “कोणी हाकललं?”

“कंपनीनं! कागुद लावलाय की. वॉचमननं वाचून दावला. पळा, लेकरासाठी पळा, रविवारी सकाळी सहा. मागल्या साइटवर कागुद बी न्हवता लावला. सरळ मशीन घातलं झोपड्यावर. म्हटलं, औंदा सांगितलं तरी, तर निघावं. हडपसरला सामान चढवू देत न्हाईत, म्हून हितं आलो.”

“अहो, तो कागद मी लावलाय.”

तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तुमी? काय वाकडं केलं आमी तुमचं?”

मी धापा टाकत सगळं सांगितलं. खोली, दहा जण, तीन तास. बायका ऐकत होत्या.

“म्हंजी कंपनीला खोली द्यायची हाय?”

“हो.”

“मग द्यावी की. तुमाला कशाला पळायला लावत्यात?”

माझ्या पत्रकात हेच चार पानं लिहिलं होतं.

तेवढ्यात अक्कलकोटची गाडी फलाटाला लागली आणि पुरुष बोचकी उचलायला लागले. मी आडवी आले. “थांबा हो! कोणी हाकललेलं नाही. परत जा.”

“तुमच्या तोंडच्या शब्दावर?” एक म्हातारा म्हणाला. “हाकलत न्हाईत, हे मुकादमाम्होरं सांगा. चला संगट, मग येतो. न्हाईतर ही गाडी हाय.”

रस्त्यावरून पिवळी टोपी घातलेला एक स्वयंसेवक हात हलवत होता, “मॅडम, थांबू नका! यू कॅन डू इट!” नऊ जण पुढे पळत होते. मी त्यांच्या मागे गेले असते तर खोली मिळाली असती आणि तीत निजवायला एकही पोर उरलं नसतं. छातीवरचा नंबर काढला आणि एक घमेलं उचललं.

मांजरीची बस मिळाली. मुकादमानं खुलासा ऐकला आणि पोट धरून हसला. मी नखांनी खरवडून पोस्टरं काढली. खळ भारी चांगली झाली होती. संध्याकाळी नऊ जणांपुढे उभं राहावं लागलं. सर एवढंच म्हणाले, “छटा आली म्हणायची.”

खोली गेली. पोरं मात्र सोमवारी सगळी आली आणि त्याच तापल्या पत्र्याखाली निजली. मावशी चार दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी जुळ्यांच्या आईनं फर्मान काढलं, “हितनं फुडं कागुद आधी आमाला वाचून दावायचा.”

म्हणून कंपनीला द्यायचं पुढचं पत्रक मी शेडमध्ये बायकांना वाचून दाखवलं. पहिल्या परिच्छेदात शोषण होतं, दुसऱ्यात जागतिकीकरण. तिसऱ्याला मावशींनी जांभई दिली.

“ह्यात खोली कुठं हाय?” जुळ्यांच्या आईनं विचारलं.

“शेवटी येते.”

“तवर वाचतंय कोण? पयली वळ खोलीची घ्या. कुणाची लेकरं, किती ऊन, तेवढं लिवा. बाकीचं तुमच्या घरी वाचा.”

मी जागतिकीकरण खोडलं. शोषणासाठी मात्र अर्धा तास भांडले.