मामांच्या गाडीला रिव्हर्स गिअर नव्हता

पुण्याहून मामेबहिणीचा, वैशालीचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाईकाला क्लच प्लेट दाखवत होतो.

"दादा, बाबा माझ्याकडे यायला तयार झाले."

"मग पेढे पाठव," मी म्हटलं.

"अट आहे. गाडी घरातून स्वतःच्या चाकांवर निघेल, त्या दिवशी मीही निघीन म्हणतात. टेम्पोत घालून नाही, ढकलत नाही. चालू होऊन."

गाडी म्हणजे शरदमामांची जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मागे एकदा लिहिलं तर खाली प्रतिक्रियांमध्ये दोन कंपन्यांचे भक्त आठवडाभर भांडले. एक सिलिंडर, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून पाजायचं, आणि मागे निळा धूर. जबलपूरच्या खमरियातल्या दारूगोळा कारखान्यात मामांची सगळी नोकरी याच गाडीवर झाली. आता ती कित्येक वर्षं घराच्या पडवीत गोणपाटाखाली उभी. मामी जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात मामा न्हाणीघरात पडले, शेजारच्या दुबेजींनी दार तोडून बाहेर काढलं. तेव्हापासून वैशालीच्या डोळ्याला डोळा नाही. पुण्यात तिने वडिलांसाठी खोली तयार ठेवलीय, खिडकीला पडदेसुद्धा लावलेत.

"तुझ्याशिवाय कोणाला सांगू?" ती म्हणाली.

खरंच होतं ते. मी दुसऱ्याच्या गॅरेजात रॉकेलमध्ये कार्बोरेटर धुऊन धंद्याला लागलेला माणूस. आज नागपुरात स्वतःचं स्पेअर पार्टचं दुकान आहे आणि भिंतीवर रंगवून घेतलंय, 'पार्ट नाही, असं होत नाही.' मी मनात हिशेब केला. दोन दिवसांचं काम, तिसऱ्या दिवशी मामांना घेऊनच परत. हत्यारांची पेटी कारमध्ये टाकली आणि पहाटेच निघालो.

नागपूर-जबलपूर रस्त्याबद्दल कोणी घाबरवलं तर ऐकू नका. चौपदरी आहे, मस्त आहे. पेंचच्या जंगलात रस्ता उंचावर उचललाय, जनावरं खालून जातात. दोन्ही बाजूंना आवाज अडवणाऱ्या भिंती आहेत, त्यामुळे वाघ दिसेल या आशेने गाडी हळू करू नका, मागचे ट्रकवाले शिव्या घालतात. सिवनीच्या पुढे लखनादौनला पोहे खाल्ले, वर शेव, लिंबू, सोबत जलेबी. पन्नासची नोट मोडली नाही तोवर पोट भरलं. टोल फास्टॅगमधून कटत गेला, तो बघायचाच नाही असं ठरवलं होतं. थांबत थांबत गेलात तरी जेवायच्या वेळेला जबलपूर.

मामांचं घर खमरियाच्या अलीकडे, रांझीच्या बाजूला. मामा अंगणात खुर्ची टाकून मटार सोलत बसले होते. थंडीच्या या दिवसांत जबलपुरात मटार म्हणजे उधाण असतं. जवळच्या पाटणकडून पोतीच्या पोती येतात आणि घरोघरी लोक टीव्हीपेक्षा शेंगांकडे जास्त बघतात.

"काहून रे अरुण, एवढ्या लवकर?" मामा म्हणाले. "मले वाटलं तू फोनवरच सांगशील, नाही होत म्हणून."

"मामा, गाडी चालू करायला आलोय."

"कर नं. मी कुठं अडवून राहिलो?"

ते वाकून शेंगांची टोपली सरकवायला लागले तेव्हा त्यांच्या शर्टाच्या वरच्या खिशात काहीतरी किणकिणलं. माझे कान जरा आगाऊ आहेत. तीस वर्षं पार्ट काउंटरवर टाकून आवाजावरून अस्सल-नक्कल ओळखतोय. चष्म्याच्या पत्र्याच्या डबीवर छोटं, कडक पोलाद आपटल्याचा आवाज. गोळ्यांच्या डबीचा नव्हता तो. पण मी काही विचारलं नाही, कारण तोवर गोणपाट काढलं होतं आणि गाडी बघून मी बाकी सगळं विसरलो.

तुमच्याही घरी अशी एखादी उभी असेल तर सांगतो, आधी किक मारू नका. टाकी काढली, आत गंज. मूठभर नट आणि रॉकेल टाकून टाकी गदागदा हलवली, तीन वेळा. कार्बोरेटरच्या जेटमध्ये जुनं पेट्रोल वाळून डिंक झालेलं, ते तारेने काढलं. नवा प्लग, पॉइंटवर पॉलिशपेपर. सायलेन्सरची काजळी जाळली तेव्हा गल्लीत एवढा धूर झाला की दुबेजी बादली घेऊन धावत आले.

दुबेजी मामांच्याच सेक्शनमधले. रिटायर झाले, पण अजून बोलतात ते मशीन सुरू असल्यासारखं, ओरडून.

"अरे भैया, गाड़ी जला रहे हो कि चला रहे हो?"

"दोन्ही," मी म्हटलं. मामा हसले, पण उठले नाहीत. मला हे खटकलं. स्वतःची गाडी कोणी उघडतोय आणि माणूस जागचा हलत नाही? मी असतो तर खांद्यावरून डोकावलो असतो, पाना हिसकावून घेतला असता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑइल मिसळलेलं पेट्रोल टाकलं. किक मारली. किक उलटी आली आणि पोटरीवर अशी बसली की डोळ्यांत पाणी. पुन्हा मारली. मग फट, फट, फटफटफट, आणि गाडी चालू! तो आवाज. निळा धूर. दुबेजींनी टाळ्या वाजवल्या. मी व्हिडिओ कॉल लावून फोन त्यांच्या हातात दिला. पुण्यात वैशाली रडायलाच लागली. "बाबा, बघा! बाबा, निघायचं ना आता?"

मामा मटार सोलत होते. मी ऐटीत गाडीवर बसलो, क्लच दाबला, पहिला टाकला, क्लच सोडला.

गाडी मागे गेली.

मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. समोर फाटक, मला जायचं फाटकाकडे, आणि गाडी मला घेऊन पडवीकडे निघालेली! मागचं चाक दुबेजींच्या बादलीवर चढलं, मी आडवा, गाडी माझ्यावर. फोनमधून वैशाली ओरडतेय, "दादा! काय झालं? आभाळ काहून दिसतंय?"

मामा शांतपणे म्हणाले, "रिव्हर्स में है."

"मामा, मोटारसायकलला रिव्हर्स नसतो!"

"हिले आहे आता," ते म्हणाले आणि पुढची शेंग फोडली.

समजावून सांगतो. टू-स्ट्रोकला व्हॉल्व्ह नसतात. ठिणगी चुकीच्या वेळी पडली तर हे इंजिन उलटंही फिरतं आणि त्यात त्याला काही गैर वाटत नाही. म्हणजे ठिणगीची वेळ हललेली. वेळ सांभाळतं ते मॅग्नेट, इंजिनच्या बाजूचं जड चाक. ते शाफ्टवर जागच्या जागी बसतं एका नखाएवढ्या अर्धगोल तुकड्यामुळे. त्याला आम्ही हाफमून चावी म्हणतो. तो झिजला असेल, मी म्हटलं. सोपं आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी रांझीच्या एका गॅरेजातून चाक ओढायचा पुलर मागून आणला आणि मॅग्नेट काढलं. चावी झिजलेली नव्हती. चावी नव्हतीच. खाच रिकामी, पुसलेली, वर ग्रीसचा पातळ हात फिरवलेला. नट पुन्हा घट्ट बसवलेला, वॉशरसकट. मी उकिडवा बसून बघतच राहिलो. पडली असती तर तुकडा खाली सापडला असता. चोरली असती तर कोणी चोरली? चोर एवढं ग्रीस लावत नाही.

"मामा, ही शेवटची कोणी उघडली होती?"

"मीच," मामा म्हणाले आणि टोपली जवळ ओढली.

डोकं चालेना म्हणून ओमतीच्या पार्टबाजारात गेलो. बाजारात गाडी लावायला जागा मिळत नाही, ऑटोने जा. तिथे एका दुकानात मागितल्याबरोबर हाफमून चावी मिळाली, वीस रुपये. काउंटरवर टाकून आवाज ऐकला. अस्सल. आणि तोच आवाज होता तो, चष्म्याच्या डबीवरचा. मग मी खव्याची जलेबी खाल्ली. काळी दिसते, तोंडात विरघळते, एकीवर थांबा. मी तीन खाल्ल्या, कारण मला काही सुचत नव्हतं. तुकडा जर मामांच्या खिशात आहे तर अट कशाला घातली? आणि जायचंच नाही तर सरळ नाही का म्हणत नाहीत?

परतताना कोपऱ्यावरच्या टपरीवर दुबेजी भेटले. मी त्यांना सगळं सांगितलं. ते पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले.

"देखो, हमारे सेक्शन में एक क़ायदा था. जो मशीन खोले, फ्यूज निकालकर अपनी जेब में रखे. चाय पीने जाए तो भी जेब में, घर जाए तो भी जेब में. जब तक वो ख़ुद आके न लगाए, मशीन चालू नहीं होगी."

"दुसरा फ्यूज लावला तर?"

"दूसरा?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी चहाचा ग्लास खाली ठेवला. "अरे भैया, अंदर आदमी हो सकता है! हाथ अंदर हो सकता है उसका! दूसरा फ्यूज लगाने वाले से तो कोई बात नहीं करता था हमारे यहाँ."

आता माझ्या एका खिशात वीस रुपयांचा तुकडा. लावायला अर्धा तास. गाडी सरळ धावेल, मामा शब्दाचे पक्के, बॅग भरतील. पुण्यात पडदे लावलेली खोली. न्हाणीघरात पुन्हा पडले तर दरवेळी दुबेजी घरी असतीलच असं नाही. वैशालीचं चूक आहे असं मी आजही म्हणणार नाही.

घरी आलो. मामांच्या समोर बसलो, टोपलीतून शेंगा घेतल्या, सोलायला लागलो.

"मामा, मशीन तुम्ही बंद केली?"

त्यांचे हात थांबले. "दुबेनं सांगितलं?"

"काहून बंद केली?"

"पाटणहून येत होतो. संध्याकाळ. तुझी मामी मागे बसून. रस्त्यात ट्रॉली उभी, आणि मले दिसलीच नाही. तिनं ओरडून खांदा धरला म्हणून वाचलो. मोतीबिंदू होता, नंतर काढला. पण त्या दिवशी घरी येऊन आधी गाडी उघडली. नाहीतर मी दुसऱ्या दिवशी पुन्हा चालवली असती, मी मले ओळखतो." त्यांनी वरच्या खिशावर हात ठेवला. "तिले म्हटलं, ऑपरेशन झालं की लावीन. मग ती आजारी पडली. मग राहून गेलं."

मी माझा तुकडा काढून हातावर ठेवला. "मी नवीन आणलाय. लावू?"

त्यांनी तो बघितला. "अंदर आदमी है अभी," ते म्हणाले.

"कोण, मामा?"

"मले काय माहीत! पण आहे. तू लाव पाहिजे तर, मी शब्द फिरवणार नाही."

लावणं माझ्या हातात होतं. मी गाडीकडे गेलो, मॅग्नेट चावीशिवायच जागेवर बसवलं, नट घट्ट केला, गोणपाट टाकलं. का ते विचारू नका.

निघताना मामा फाटकापर्यंत आले. "नवीन कुठंय?" मी दाखवला. "वरच्या खिशात ठेव. खालच्या नाही, पडते. आता आत दोघं झाले. जितके लोक आत, तितके तुकडे; सगळे परत आल्याशिवाय चालू होत नाही. क़ायदा आहे."

परतीच्या रस्त्यावर भेडाघाटचा फाटा लागतो का, असं काहींनी विचारलंय. वेगळी वाट आहे. मी गेलो नाही, धबधबा पाहिला नाही, माफ करा. लखनादौनला पोहे खाताना मी तीनदा खिसा चाचपला.

वैशालीला म्हटलं, "पार्ट नाही मिळाला."

"तुला?" ती म्हणाली. मग पुन्हा, "दादा, तुला पार्ट नाही मिळाला?" तिने फोन ठेवला, रागाने की कसा, ते एवढे कान असूनही मला ओळखता आलं नाही.

खर्च विचाराल तर डिझेल, टोल आणि जलेबी; राहणं-जेवण मामांकडे. गाडी चालली किती? पडवीच्या दिशेने, बादलीपर्यंत. मी काम करून आलो की बिघडवून, याचा अजून मेळ लागत नाही. दुकानाच्या भिंतीवरची ओळ वाचली की नजर आपोआप खाली जाते. बायकोने शर्ट धुवायला घेताना तुकडा काढून विचारलं, "हा दुकानात ठेवू?" मी म्हटलं, "नको, हा विकायचा नाही."

काल वैशालीचा फोन होता. आवाज निवळलेला. "बाबांना पुण्याचं विचारलं की आता नाही म्हणत नाहीत. म्हणतात, अरुणले विचार, त्याले कधी जमते." मग तिने मामांना कॉलवर घेतलं.

"खिशात आहे का?" मामांनी विचारलं.

"आहे."

"मग सांग, मटार संपायच्या आत येतोस का?"

मी येतो म्हटलं. पलीकडे किणकिण झाली. पण या वेळी पत्र्याच्या डबीवरची नव्हती. पोलाद लाकडावर ठेवल्याचा आवाज होता. टेबलावर.