खलील मुकादमचा टॅक्स-फ्री गाळा

रोह्याहून अष्टमीत पुलावरून आत वळलं की एक गुलाबी दोन मजली घर लागतं. फाटकावर काळी ग्रॅनाइटची पाटी, तीवर सोनेरी अक्षरं: ‘खलील मुकादम, एन.आर.आय.’ ही पाटी खलीलने विमानात बसण्याआधी लावून घेतली. व्हिसा यायचा होता, तिकीट यायचं होतं, पाटी मात्र आली. त्याच्या बायकोने, शरीफाने, तेव्हाच विचारलं होतं, “डाक्टर नावाम्होरं डाक्टर लावतो, तो शिकलेला असतो. तुमी काय शिकलात?”

खलील काहीच शिकला नव्हता, हेच तर दुखणं होतं. वीस वर्षं तो धाटावच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता. पगाराच्या दिवशी घरी आला की कापलेल्या टॅक्सच्या आकड्यावर बोट ठेवायचा आणि सरकारच्या नावाने खडे फोडायचा. टॅक्स भरणारा माणूस म्हणजे गाढव, हे त्याचं ठाम मत. आपलाही त्या गाढवांत नंबर लागतो, याचा त्याला फार अपमान वाटे. मग ओळखीच्या कंत्राटदाराने तीन वर्षांसाठी ओमानला, सोहारला नेलं. तिथे पगारातून एक पैसा कापत नाहीत हे कळल्यावर खलीलची छाती अशी फुगली, जणू ओमानच्या सरकारने हा कायदा त्याला विचारूनच केला होता.

जाताना त्याने तळमजल्याचा गाळा भाड्याने दिला. भाडेकरू समीक्षा, जवळच्या निडी गावची मुलगी, रक्त-लघवी तपासायची लॅब टाकणारी. वागायला सरळ, बोलायला मोजकी. एजंटाने करारात मालकाचा पत्ता ‘राहणार अष्टमी’ असा घातला, तर खलीलने तो खोडायला लावला. “अष्टमी काय? ओमानचा पत्ता घाल. आणि म्होरं लिव, अनिवासी भारतीय. ठळक लिव.” एजंटाने ठळक लिहिलं. खलीलने तेवढंच वाक्य दोनदा वाचलं आणि ऐटीत सही केली.

लॅब सुरू झाली आणि शरीफा दुपारची खाली जाऊन बसू लागली. आधी नुसती गप्पांना. मग गर्दीत नावं लिहून द्यायला. मोहल्ल्यातल्या बायका अनोळखी पोरीपुढे हात पुढे करायला कचरायच्या, शरीफा दिसली की निमूट बाही वर करायच्या. दोन महिन्यांत समीक्षाने तिला कामावरच ठेवलं. त्रेचाळीस वर्षांच्या आयुष्यात शरीफाला पहिल्यांदा स्वतःचा पगार मिळाला. लेक अक्सा पनवेलला शिकायला, नवरा ओमानला. त्या रिकाम्या घरात सकाळी उठून आवरायला एक कारण आलं. ते तिला जिवापाड आवडत होतं आणि ती ते कुणाला सांगत नव्हती.

मग समीक्षाचे हिशेब पेणच्या दत्तात्रेय नावाच्या कर सल्लागाराकडे गेले. त्याने करार उघडला आणि ठळक अक्षरांवर त्याचं बोट थांबलं. मालक परदेशात राहत असेल, तर भाडं देण्याआधी भाडेकरूने टॅक्स कापून मालकाच्या नावावर सरकारात भरायचा, असा नियम आहे. नाही कापला तर सरकार भाडेकरूची मान धरतं. समीक्षाने कापला. भाड्याचा जवळपास तिसरा हिस्सा गेला.

सोहारहून फोन आला तो शिव्यांनीच सुरू झाला. “चोर हाय ती! आपली जबान झालीवती पुऱ्या भाड्याची!”

शरीफा समीक्षाबरोबर पेणला गेली. दत्तात्रेयाने समजावलं की यात कुणी काही खाल्लेलं नाही. ओमानच्या पगारावर इथे टॅक्स नाही, कारण खलील वर्षाचा बहुतेक काळ बाहेर असतो. पण गाळा अष्टमीत आहे, त्याचं भाडं इथलीच कमाई. तेवढ्याचं रिटर्न भरलं, की कमाई इतकी थोडी, की कापलेले सगळे पैसे परत. “फक्त त्यांच्या मोबाईलवर ओटीपी येईल, तेवढा हवा,” तो म्हणाला.

शरीफाने तिथूनच फोन लावला. खलील खोलीवर होता. त्या खोलीत कोकणातले सात-आठ जण राहत, आणि त्यातल्या एकानेही जन्मात रिटर्न भरलं नव्हतं. त्यामुळे टॅक्सच्या विषयात ते सगळे पंडित होते. पाठीमागून त्यांचा कालवा ऐकू येत होता: एकदा फाईल झाली की सरकार दारात बसतं, गल्फच्या माणसाने कुठे सही करायची नाही.

“ओटीपी कोणाला सांगायचा नसतो,” खलीलने सुनावलं. “टीव्हीवर पण सांगतात. तुला अक्कल नाय.”

वीस वर्षं शरीफा या माणसाच्या अकलेला घाबरत आली होती. पेणच्या त्या ऑफिसात फोन खाली ठेवताना तिला पहिल्यांदा त्याची किळस आली.

ईदच्या रजेवर तो आला आणि दुसऱ्याच सकाळी, उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्या माणसांची रांग लागली असताना, खाली उतरला. अंगाला अत्तर, डोळ्यांवर गॉगल. सगळ्यांसमोर समीक्षाला चोर म्हणाला. “पुरं भाडं, नायतर गाळा खाली कर!”

समीक्षाने हातातली सुई बाजूला ठेवली. “खाली करते, काका. भांडत नाय.”

शरीफा मध्ये आली. “अहो, मी हितं काम करते. माझा पण इचार करा.”

खलील रांगेकडे बघून हसला. “काम? लोकांची लघवी मोजतेस, त्याला काम म्हणतेस?”

रांगेतलं कुणी हसलं नाही. शरीफाने हातमोजे काढले, नीट घडी केली आणि वर निघून गेली. त्या दिवशी तिने त्याला जेवायला वाढलं, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. बघण्यासारखं तिथे काही उरलं नव्हतं.

महिनाअखेरीस लॅब पुलापलीकडे रोह्यात गेली. “आठ दिवसांत दुप्पट भाड्याने जातो का नाय बघ,” असं म्हणून खलील सोहारला परतला. गिऱ्हाईकं आली. ज्यांचे हिशेब चोख, ते फाटकावरची सोनेरी पाटी वाचून टॅक्स कापायचं बोलत. खलील त्यांना फोनवरून हाकलून देई. ज्यांना कागदच नको होता, ते रोख देऊ म्हणत, पण कराराशिवाय गाळा बळकावतील म्हणून खलील त्यांनाही घाबरे. शटर गंजू लागलं. समोर मासळी घेऊन बसणारी मैना एक दिवस म्हणाली, “अति शहाणा त्याचा बैल रिकामा गो, शरीफा.” शरीफा हसली आणि पुलाकडे चालू लागली.

ती रोज कुठे जाते, याचा खलीलला पत्ता लागायला पावसाळा उलटावा लागला. त्याचा फोन आला तेव्हा मागे माणसांचा गलबला होता.

“कुठं हायस?”

“रोह्यात. लोकांची लघवी मोजतेय.”

त्याने विचारलं, “मला इचारायचं नाय?”

“इचारलंवतं. रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं.”

तो आपल्या नेहमीच्या विषयावर आला. “गाळ्याचं काय? भाडेकरू भेटला?”

“नाय भेटला. पण तुमच्या मनासारखं झालं. आता सरकार एक पैसा कापत नाय. गाळा अगदी टॅक्स-फ्री हाय.”

तिने फोन टेबलावर उलटा ठेवला, नवे हातमोजे चढवले आणि रांगेतल्या पुढच्या बाईला नाव विचारलं.