आधी दुसरीकडे जा

चुडाव्याच्या स्टेशनवर उतरले तेव्हा ऊन असं रणरणत होतं, की वाटलं, पुण्यात पंख्याखाली बसून व्याख्यान लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं! कायदा शिकवते मी. घटनेनं दिलेला हक्क डावलला गेला तर साध्या माणसानं दाद कुठे मागायची, हे बघायला जर्मनी आणि दक्षिण आफ्रिका फिरून आले होते. आपल्याकडचं उदाहरण इथल्या मेंढपाळांच्या वस्तीत सापडेल असं कळलं, म्हणून ही पायपीट.

वस्तीतल्या चंद्रभागाबाईंनी भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्यमसाल्याची आमटी) वाढलं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"लय तिखट झालं का म्याडम?"

"छे हो," म्हणत मी तांब्या रिकामा केला.

मग त्यांनी शाळा दाखवली. एकच खोली, तिलाही कुलूप. मेंढरं घेऊन बाहेर पडताना दाराला बाभळीच्या काट्या लावून जायचं, म्हणजे मोकाट जनावर आत शिरत नाही, ही इथली रीत. गेल्या खेपेला बायकांनी मायेपोटी शाळेच्या दारालाही काट्या लावल्या. गुरुजी प्रशिक्षणाला गेलेले. नेमके तेव्हाच तपासणीचे साहेब आले आणि काट्या बघून 'शाळा बंद' लिहून गेले. मग शाळा खरंच बंद झाली. चंद्रभागाबाईंची राधा चौथीत. दुसरी शाळा नाल्यापलीकडे, रूळ ओलांडून. पोरगी घरीच बसलीय.

"अर्ज दिले?"

"लय दिले. बघायलोत म्हणतेत."

मी लगेच ज्ञान पाजळलं. जर्मनीत वकिलाशिवाय, फी न भरता कुणीही घटना न्यायालयाला लिहू शकतो. पण आधी खालची न्यायालयं संपवावी लागतात, आणि तक्रार नाकारताना कारण द्यायचं बंधन नाही. दक्षिण आफ्रिकेत थेट जाता येतं, न्यायालयानं परवानगी दिली तर. आपल्याकडे मूलभूत हक्कासाठी थेट सर्वोच्च न्यायालय; तरी बहुधा सांगतात, आधी उच्च न्यायालयात जा.

"म्हंजे कुटंबी गेलं तरी आदी दुसरीकडं जा म्हणतेत," बाई म्हणाल्या. "लेकरू तवर थांबतंय व्हय वाढायचं?"

मला स्वतःचाच राग आला. देश शेजारीशेजारी मांडून मी खुशीत होते, आणि वाट बघणाऱ्याचं वय कुठेच मांडलं नव्हतं.

"उच्च न्यायालयाचं खंडपीठ संभाजीनगरला आहे. चलता?"

"कवा?"

"आत्ता."

राधाला घेऊन आम्ही पूर्णा जंक्शनवरून गाडी धरली. परभणी मागे पडलं तशी राधा हळूच म्हणाली, "जजसायबानं न्हाई म्हणलं तर?"

मी तोंड उघडायच्या आत तिची आई म्हणाली, "तर का न्हाई ते तोंडावर सांगतेल की. तेवडं तरी आजपतुर कुनी सांगितलंय?"