वाचलेला खोंड

ती सकाळ मी अजून विसरू शकलेलो नाही. सेवेची अखेरची दोन वर्षे उरली होती. सोलापूर जिल्ह्यातील एका ग्रामीण ठाण्याचा मी प्रभारी होतो. हजेरी चालू असतानाच फोन आला: मोहोळकडच्या एका वस्तीवर दोन म्हशी आणि एक गाय मेली आहे, लोक शेजाऱ्याच्या दारात जमले आहेत. फोन करणाऱ्याने स्वतःचे नाव सांगितले नाही. संशयिताचे मात्र सांगितले.

आम्ही पोहोचलो तेव्हा शेजारी दार लावून आत बसला होता. जनावरांच्या मालकाशी त्याचा बांधावरून जुना वाद होता. मालक ओरडत होता, "यानंच वैरणीत औषध टाकलंय सायेब! आदी ह्याला उचला." झडतीत शेजाऱ्याकडे डाळिंबावर फवारायच्या कीटकनाशकाची अर्धी बाटली मिळाली. वाद होता, बाटली होती. मी त्याला सर्वांसमोर जीपमध्ये बसवले. जमावापासून वाचवण्यासाठी नेतो आहे, असे स्वतःला सांगितले.

चौकशीत तो घाबरला नाही, चिडला.

"ही बाटली कुटल्या डाळिंबवाल्याकडं न्हाय, ते सांगा की. मी तोंडानं भांडनारा मानूस हाय. आक्ख्या वस्तीला माझा आवाज ठावा हाय. मुक्या जनावराशी माझं काय भांडान?"

हवालदार हसला. मला हसू आले नाही. माणूस खरे बोलतो आहे असे वाटत होते. पण वाटण्यावर तपास बंद करता येत नाही. दुपारी त्याच्या मुलीचा फोन आला. गावच्या संकलन केंद्राने त्यांचे दूध घेण्यास नकार दिला होता, आणि ते घर दुधावरच चालत होते. अटकेचे कागद टेबलावर होते. मी दोनदा पेन उचलले, दोनदा ठेवले, आणि पुन्हा वस्तीवर गेलो.

गोठ्यामागे पशुवैद्यक मॅडमचे शवविच्छेदन चालू होते.

"लक्षणं कीटकनाशकाचीच आहेत," त्या म्हणाल्या. "पण पोटातल्या वैरणीला वास नाही. वास कातडीला आहे. आणि ह्या माश्या बघा."

म्हशीच्या पाठीवर बसलेल्या माश्या तिथेच मरून पडल्या होत्या.

गोठ्याच्या कोपऱ्यात एक खोंड शांतपणे तीच वैरण खात होता. हा कसा वाचला, असे मी विचारले. उत्तर मालकाच्या बायकोने दिले.

"त्यो मारका हाय सायेब. त्येच्याजवळ कोन जातंय? काल सांजच्याला ह्यांनी समद्यास्नी औषध चोळलं, ह्येला तेवढं न्हाय."

"कसलं औषध?"

"गोचिडाचं की."

सकाळपासून ओरडणारा मालक आत गेला. बाटली घेऊन बाहेर आला. तीही डाळिंबाचीच होती. "गोचीड लई झाल्ते," तो म्हणाला. "म्हनून जरा दाट केलं व्हतं."

जनावरांनी रात्रभर अंग चाटले होते. उरलेले विष कातडीतून भिनले होते.

"म्हंजी आमीच मारली?" बाईने विचारले.

कातडी, केस आणि व्हिसेरा प्रयोगशाळेकडे पाठवले. अहवालाने मॅडमचे म्हणणे खरे ठरवले. शेजाऱ्याला मात्र अहवालाची वाट न पाहता मी त्याच संध्याकाळी सोडले होते. जाताना तो म्हणाला, "सायेब, केंद्रावर तुमी येऊन सांगा. माझं कोन ऐकंल?" मी शिपाई पाठवला. काम होते, असे कारण माझ्याकडे होते. केंद्राने त्याचे दूध पुन्हा घ्यायला कित्येक आठवडे लावले. तोवर त्याने दोन गाई विकल्या होत्या.

संशयिताला जितक्या लोकांसमोर नेले, तितक्यांसमोर अधिकाऱ्याने स्वतः परत आणून सोडावे. उरलेल्या सेवेत मी हा नियम पाळला. त्याच्या बाबतीत पाळला नाही.